कट्टा घेताना काय विचारायचं, ते मला 14 हजारांना कळलं



आज पिकाची नोंद नाही, पोत्याची आहे. परवा सोयाबीन भरतानाचा फोटो टाकला, तर तिघा-चौघांनी विचारलं, "दादा, बियाणं परत तागाच्या पोत्यात कसं काय? आणि मागं कुंपणाला ते कट्टे कशाला टांगलेत?" दोन ओळीत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लांबलंय. दुपारी झाडाखाली बसून वाचा.

गोष्ट 2024 च्या सोयाबीनची. माझं 3 एकर आणि थोरल्या भावाचं 2 एकर, असं 5 एकर मीच करतो. भाऊ वारला त्याला सहा वर्षं झाली. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आयटीआय करून एमआयडीसीत लागला. त्याच्या 2 एकराचा हिशोब मी दरवर्षी त्याच्या हातात देतो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

त्या वर्षी हमीभाव होता 4,892 आणि मोंढ्यात लिलाव 4,000 ते 4,200. एवढा फरक कोण सोडणार? केंद्रावर नोंदणी केली, सातबारा दिला, पासबुक दिलं. मग कळलं की केंद्रावर बारदाना नाही. माल आहे, काटा आहे, माणसं आहेत, आणि पोती नाहीत म्हणून खरेदी थांबलेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे भोगलंय. "मेसेज येईल" म्हणाले. फेब्रुवारीत खरेदी बंद झाली, मेसेज काही आला नाही.

तर माल घरी ठेवायचा म्हणून मी दिवाळीनंतर कट्टे घ्यायला गेलो. दुकानात दोन प्रकारचे पांढरे कट्टे होते. एक 17 रुपयाला, एक 11 ला. दोन्ही हातात घेऊन बघितले, मला काही फरक दिसला नाही. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "दोन्ही चालतात, लोक हेच नेतात." मी 11 वाले घेतले. 63 कट्ट्यांमागं 378 रुपये वाचवले म्हणून त्या दिवशी येताना पावशेर भजी पण घेतली.

कट्ट्यात माल भरला 60 किलो. कट्टा 50 चा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आपण सगळेच ठोकून ठोकून भरतो. गोठ्याला लागून पत्र्याचं शेड आहे, त्याची पश्चिमेची बाजू उघडी. तिथं थप्पी लावली, सात-सात उंच. समोरच्या बाजूला 21 कट्टे आले. रोज दुपारी दोननंतर दिवस मावळेपर्यंत ऊन त्यांच्या अंगावर. मला वाटलं, ऊन लागतंय ते चांगलंच, माल कोरडा राहील.

मे महिन्यात काय झालं ते आठवत असेल. 2025 चा मे म्हणजे मे वाटलाच नाही, मृगाआधीच पाऊस कोसळायला लागला. एका संध्याकाळी वारा पश्चिमेचा सुटला आणि पावसाचे सपकारे थेट थप्पीवर. मी आणि घरची, दोघं धावलो. वरचा कट्टा आत घ्यावा म्हणून मी एक कान धरला, तिनं दुसरा. माझा कान हातात आला. कट्टा तिथंच राहिला. दुसऱ्याला मिठी मारून उचलायला गेलो, तर पोट फाटून सोयाबीन पायावर. कापड फाटल्याचा आवाज पण आला नाही. कुरडई मोडावी तसं ते मोडत होतं. तीन-चार फुटल्यावर थप्पी कलली आणि समोरची सगळी रांग खाली आली. घरची बाजूला झाली म्हणून, नाहीतर पाय गेला असता.

रात्री अकरापर्यंत टॉर्च लावून आम्ही चिखलातलं सोयाबीन भरत होतो. तिनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. दिवाळीतच ती म्हणाली होती की माळ्यावर आत्याबाईंच्या वेळची तागाची पोती आहेत, ती झटकून घ्या. त्याला मी "उंदरांनी खाल्लेत ते" म्हणालो होतो.

12 क्विंटलच्या वर माल सांडला. 11 क्विंटल परत गोळा झाला, तो घरात पसरून वाळवला, तरी त्यात माती राहिली आणि त्या पट्ट्यांचे बारीक तुकडे राहिले. चाळणीतून माती पडते, तुकडे पडत नाहीत. ते हलके असतात, पाखडलं की दाण्याबरोबर उडतात आणि दाण्याबरोबरच परत बसतात. मोंढ्यात खरेदीदारानं मूठभर माल हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "प्लास्टिक आहे." 3,500 ला दिला. चांगला माल 4,200 नं गेला. सगळा मिळून चौदा हजारांच्या वर फटका. त्यातले पाच-सहा हजार माझे नव्हतेच, पुतण्याचे होते.

वर आणखी एक. बियाण्यासाठी तीन कट्टे वेगळे ठेवले होते, घरात, सावलीत. ते पशुखाद्याचे रिकामे कट्टे होते, धुऊन घेतलेले. जाड, चकचकीत, आतून मेणकागदासारखे. म्हटलं हे सगळ्यात भारी. जूनमध्ये पेरणीआधी गोणपाटात 100 दाणे ठेवले, उगवले 43. आपल्याला 70 तरी पाहिजेत. विकतचं बियाणं आणावं लागलं.

तर हा सगळा हिशोब सांगायला मी पुतण्याकडं गेलो. फोनवर सांगणं बरोबर वाटलं नाही. पोराचे पैसे आहेत. आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडं जायला मला जड जात होतं. तो कट्टे बनवायच्या कारखान्यात आहे. नोकरी लागली तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "दोन एकर काळी सोडून पोती शिवायला गेला." ते त्याच्यापर्यंत पोचलेलं मला माहीत आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही, पोराची नोकरी आहे.

मी खोलीवर बसून हिशोबाची वही काढली. तो म्हणाला, "काका, वही राहू द्या. कट्टा आणलाय का सोबत?"

आणला होता. फाटका तुकडा पिशवीत होता, दाखवायला पुरावा म्हणून. त्यानं त्यातली एक पट्टी ओढली, अंगठा आणि बोटात चोळली. बोटाला पांढरी पूड लागली. मला दाखवली आणि म्हणाला, "यूव्ही नाही. आणि फिलर भरपूर." मग स्केल काढली आणि एका इंचात पट्ट्या मोजल्या. उभ्या 8, आडव्या 8. "आणि विरळ." एवढं तीन मिनिटांत झालं. मी सात महिने तो कट्टा रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारून त्यानं मला आत नेलं. ते जसं बघितलं तसं सांगतो, कारण आपण आयुष्यभर पोती उचलतो आणि ती कशी होतात ते बघत नाही.

पहिल्यांदा येतात पांढरे दाणे, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे. पॉलिप्रॉपिलीन. तेलाच्या रिफायनरीतल्या वायूपासून बनतं. त्यात मिसळतात फिलर, म्हणजे बारीक दळलेल्या चुनखडीचे दाणे. फिलर ही चोरी नाही, थोडा पाहिजेच. त्यानं पट्टी उभी चिरत नाही आणि कापडाला पांढरेपणा येतो. पण चुनखडी स्वस्त आणि प्लास्टिक महाग, म्हणून जिथं थोडा पाहिजे तिथं जास्त ढकलता येतो. वजन तेवढंच भरतं, दम कमी. तिसरी गोष्ट म्हणजे यूव्हीचे दाणे. हे शंभरात एक-दोन भाग. पुतण्यानं मुठीत घेऊन दाखवले. बाकीच्या दाण्यांसारखेच दिसतात, किंमत मात्र कितीतरी जास्त. ते टाकले काय, नाही टाकले काय, नवीन कट्ट्यात डोळ्याला काही कळत नाही. दोन्ही तितकेच पांढरे, तितकेच मजबूत. फरक उन्हात ठेवल्यावर कळतो.

हे सगळं वितळतं अडीचशे अंशांच्या आसपास आणि एका लांब फटीतून पातळ पडद्यासारखं खाली पाण्यात पडतं. पाण्यातून निघाला की तो पडदा पात्यांच्या रांगेवरून जातो आणि त्याच्या शेकडो पट्ट्या होतात, शेवया पडाव्यात तशा. आणि इथं खरी गंमत आहे. त्या पट्ट्या गरम भट्टीतून जातात. अलीकडचे रूळ हळू फिरतात, पलीकडचे पाच-सहा पट जोरात. म्हणजे एक मीटर पट्टी ओढून पाच-सहा मीटर होते. लहानपणी प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी ओढून बघितली असेल ना? पहिल्यांदा सैल येते, मग एका जागी बारीक होते आणि मग तुटता तुटत नाही, बोट कापतं. तेच हे. ओढल्यावर आतले धागेदोरे सगळे एका दिशेला लागतात आणि ताकद येते ती त्यामुळं. कमी ओढली तर पट्टी पोकळ, जास्त ओढली तर उभी चिरते.

सूर्याचं ऊन नेमकं हेच मोडतं. उन्हातले अतिनील किरण त्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात. यूव्हीचा दाणा त्यांना अडवतो, कायमचा नाही, पण बराच काळ. तो नसला तर काही आठवड्यांत, काही महिन्यांत पट्टी ठिसूळ होत जाते. वरून दिसत काहीच नाही. हात लावेपर्यंत कट्टा उभा असतो.

मी विचारलं, मग माझे आतल्या रांगांचे 42 कट्टे कसे टिकले? तर ऊनच लागलं नव्हतं त्यांना. तोच कट्टा, तोच कारखाना असेल, सावलीत होता म्हणून टिकला. म्हणजे दोष कट्ट्याचा निम्मा, शेडाचा आणि माझा निम्मा. एक पडदा बांधला असता तरी भागलं असतं.

पुढं लूम. गोल असतो, घेराला माणूस दोन्ही हात पसरून उभा राहील एवढा. दोन्ही बाजूला मांडण्यांवर शेकडो रिळं, त्यांच्या पट्ट्या उभा ताणा म्हणून वर जातात. मधे चार धोटे गोल गोल पळत बाणा भरतात. म्हणून कापड नळीसारखं निघतं आणि कट्ट्याला बाजूनं शिवण नसते. कधी लक्ष दिलं होतं का? मी नव्हतं दिलं. एक जरी पट्टी तुटली तरी लूम आपोआप थांबतो, पुतण्या पळत जातो, गाठ मारतो, चालू करतो. त्याच्याकडं असे लूम किती तर सहा. आवाज असा की मळणीयंत्र चोवीस तास कानाशी चालू आहे. शेजारच्या लूमवरची पोरं ओडिशाची, खुणेनंच बोलतात. दोन तास उभं राहून माझे कान बसले. पोरगं हे पाच वर्षं करतंय.

त्यानं मला एक हिशोब करून दाखवला, तो मी वहीत लिहून आणलाय. कट्टा सपाट 24 इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून घेर 48 इंच. इंचाला 10 पट्ट्या, तर उभ्या पट्ट्या 480. लांबी 38 इंच, तर आडवे फेरे 380, प्रत्येक फेरा 48 इंचांचा. सगळी पट्टी सलग जोडली तर एका कट्ट्यात सव्वानऊशे मीटरच्या वर. जवळजवळ एक किलोमीटर! आणि वजन? त्या दिवशी 900 डेनियरची पट्टी चालू होती. 9,000 मीटर पट्टीचं वजन 900 ग्रॅम, असा डेनियरचा अर्थ. म्हणजे कट्टा 90 ते 95 ग्रॅमचा.

घरी येऊन मी माझे उरलेले दहा कट्टे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. 740 ग्रॅम. एक कट्टा 74 चा. दुकानात पाच मिनिटं काढून दहा कट्टे मोजले असते तरी कळलं असतं.

वजनावरून आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि दोन दिवस झोप नाही. मोंढ्यात माझ्या 42 कट्ट्यांना बारदानाचा कडता कापला, पोत्यामागं एक किलो. तागाचं पोतं अर्ध्या किलोच्या वर असतं, तेव्हापासून चालत आलेली पद्धत. पण कट्टा 74 ग्रॅमचा! म्हणजे दर कट्ट्यामागं 926 ग्रॅम सोयाबीन फुकट, 42 कट्ट्यांचं 39 किलोला थोडं कमी. सोळाशे रुपयांच्या वर. आडत्याला हे सांगितलं तर म्हणाला, "सगळ्यांचा तेवढाच कापतो." सगळ्यांचा कापतो ते मला माहीतच आहे. तुमच्याकडं काय पद्धत आहे ते बघा, आणि काट्यावर एक रिकामा कट्टा ठेवायला सांगा. मी पुढच्या वेळी ठेवणार आहे.

लूमनंतर कापणी. गरम पात्यानं कापतात, म्हणजे कड वितळून बसते आणि पट्ट्या सुटत नाहीत. मग बूड दुमडून शिवतात. शिवण साखळी टाक्याची. खताच्या बॅगेचा बरोबर दोरा सापडला की सर्रकन पूर्ण उसवते आणि चुकीचा धरला की सुरी शोधावी लागते, ती हीच. बूड एकदा दुमडून एक शिवण घातली तर 60 किलोला ते ताणतं. दोनदा दुमडलेलं, दोन शिवणींचं बूड बघून घ्या, ते डोळ्यानं दिसतं. आणि 50 च भरा. हे मी मलाच सांगतोय.

काही कापड लॅमिनेशनला जातं. कापडावर वितळलेल्या प्लास्टिकचा पातळ थर ओततात. माझ्या बियाण्याचे कट्टे हेच. खत, पशुखाद्य, पीठ यांना तो पाहिजे, बाहेरची ओल आत जात नाही. पण आतली ओल पण बाहेर जात नाही. मी बियाणं भरलं ते संध्याकाळी, ओलावा न मोजता, दातानं फोडून अंदाजानं. ती ओल सात महिने आतच उकडत राहिली. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना नंतर विचारलं, ते म्हणाले की अगदी कमी ओलाव्यापर्यंत वाळवून हवाबंद ठेवलं तर बियाणं उलट जास्त टिकतं, पण आपण खळ्यावर वाळवतो ते त्या पातळीला जात नाही. आपल्या 12 टक्क्यांच्या बियाण्याला हवा खेळणारं पोतंच बरं. वर सोयाबीनचं टरफल नाजूक. घसरणारी पोती, उंच थप्पी, आपटाआपट, हे सगळं उगवणीतून वजा होतं. म्हणून यंदा बियाणं तागात, चारच्या वर थर नाही, खाली लाकडी फळ्या. आत्याबाईंची पोती निघाली माळ्यावरून. उंदरांनी खाल्लेली फक्त दोन होती.

ताग सगळ्यात चांगला असं मी म्हणत नाही. तागाला ओल लागली की कुजतो, किडे लपतात, महाग आहे. धान्य आणि साखरेसाठी ताग वापरायचा कायदा 1987 पासून आहे, तरी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ताग गिरण्या बंद पडल्या तेव्हा सरकारलाही प्लास्टिकच्या पोत्यांना परवानगी द्यावी लागली. विकायच्या मालाला मी कट्टाच वापरणार. हमालाला विचाराल तर तो सांगेल, तागाचं पोतं पाठीला धरतं, कट्टा घसरतो. पण 38 क्विंटल ठेवायला ताग कुठून आणू?

जेवायच्या सुट्टीत मी पुतण्याला सरळ विचारलं, "तुमच्याकडं पण असला माल निघतो का?"

तो डबा उघडत होता. म्हणाला, "निघतो की. ऑर्डर तशी असते. मार्केटिंगवाला विचारतो, यूव्ही टाकायचा का, तर गिऱ्हाईक म्हणतं आधी रेट सांग. आणि काका, काही मालाला यूव्ही लागतच नाही. भरला, ट्रकमध्ये टाकला, पंधरा दिवसांत रिकामा. तो कट्टा वाईट नाही. तो तुमच्या शेडसाठी केलेलाच नव्हता. मधल्या कुणीतरी तो तुम्हाला विकला, आणि तुम्ही विचारलं नाही."

मी म्हणालो, विचारलं होतं. "दोन्ही चालतात का" असं विचारलं होतं. तो हसला. मला पण हसू आलं, पण चौदा हजार गेले होते.

50 किलो धान्याच्या कट्ट्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 14887. त्यात कट्टा अतिनील दिव्याखाली ठेवून बघतात की नंतर निम्मी तरी ताकद उरली का. मी दुकानात आता दोनच गोष्टी विचारतो, मानकाचा छापा आहे का आणि यूव्ही आहे का. पहिल्या दुकानदाराला यूव्ही म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. दुसऱ्यानं कारखान्याला फोन लावून विचारलं. त्याच्याकडून घेतले, 19 रुपयाला.

एक राहिलं. शेणखत वाहायला आपण जुने कट्टेच वापरतो. बांधावर टाकून देतो, त्यात दगड भरून पाट अडवतो. यंदा रोटाव्हेटर मारताना शाफ्टला जटा गुंडाळल्या, कोयत्यानं तोडून काढल्या. त्या एक किलोमीटरचा हिशोब मला तेव्हा आठवला. एक विसरलेला कट्टा म्हणजे तेवढी पट्टी, आणि ती कुजत नाही, नुसती तुटत जाते. चांगला धड कट्टा भंगारवाला किलोवर नेतो, धुऊन त्याचे परत दाणे होतात. उन्हानं खाल्लेला कुणी नेत नाही, त्याच्यात आता काही उरलेलं नसतं, पुतण्या म्हणाला. म्हणजे फाटायच्या आधी उचलला तरच त्याची किंमत. मी बांधाबांधानं फिरून 31 गोळा केले. नेण्यासारखे 9 निघाले. गाय अजून तरी सुखरूप आहे.

हिशोबाची वही मी निघताना परत काढली. त्याच्या वाट्याचे जे नुकसान झालं ते मी भरून देणार होतो, पैसे खिशात नेले होते. त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "शेड तर दोघांचंच आहे." मी जास्त बोललो नाही. येताना एसटीत मला ते पोती शिवायचं वाक्य आठवत राहिलं.

यंदा सप्टेंबरच्या पावसानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. खालचं दीड एकर गेलंच. जे हाती आलं ते शेडात आहे, शेडाच्या पश्चिमेला जुनी ताडपत्री बांधली आहे, फोटोत निळी दिसते ती.

आणि कुंपणाला टांगलेले कट्टे. ते पाच आहेत. एक 11 रुपयेवाला, न वापरलेला. एक 19 वाला. एक युरियाची रिकामी बॅग. आणि दोन पुतण्यानं दिलेले, त्याच्याच लूमवरचे, एक यूव्ही टाकलेला, एक न टाकलेला. दिसायला अगदी सारखे आहेत, म्हणून यूव्हीवाल्याच्या कानाला गाठ मारून दिली आहे. दसऱ्याला टांगले, मार्करनं तारीख लिहिली. प्रत्येकाचा एक जोडीदार घरात पेटीत ठेवला आहे, ताडून बघायला. दर रविवारी एक-एक पट्टी ओढून बघतो. आत्तापर्यंत दोनच रविवार झालेत, पाचही सारखेच लागतात हाताला. येळवशीला पुतण्या रानात येणार आहे, तेव्हा दोघं मिळून कान धरून ओढू आणि कोणता राहिला, कोणता आला, ते इथं टाकतो.